छातीवरचे चित्र, कबरीवरचे नाव

अंगावरच्या वस्त्राने बोलावे ही अपेक्षा फार जुनी आहे. राजाचा झगा, संन्याशाची छाटी, शिपायाचा गणवेश, विधवेचे पांढरे लुगडे ही सारी वस्त्रे बोलत होती. पण ती बोलत ती परिधान करणाऱ्याविषयी. हा कोण, याचा अधिकार काय, याचे दुःख काय, एवढेच ती सांगत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असे एक वस्त्र जगभर पसरले की जे घालणाऱ्याला बाजूला ठेवून तिसऱ्याच कुणाविषयी बोलते. ते वस्त्र म्हणजे चित्र छापलेला टी-शर्ट. एखाद्या गायकाचा चेहरा, एखाद्या क्रांतिकारकाची टोपी, एखाद्या चित्रपटाचे नाव आपण छातीवर वागवितो आणि रस्त्याने चालू लागतो. जे वागवितो त्याविषयी आपल्याला काही ठाऊक असले पाहिजे काय, आणि ठाऊक नसेल तर ती नैतिक उणीव मानावी काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे.

टी-शर्टचा जन्म अगदी साधा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने खलाशांना गणवेशाच्या आत घालावयास अर्ध्या बाहीची सुती गंजी दिली, ती हीच. १९५१ साली मार्लन ब्रँडो या नटाने पडद्यावर ती नुसतीच घातली आणि आतले वस्त्र बाहेर आले. पुढे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून कापडावर चित्र उमटविण्याची रीत स्वस्त झाली, आणि रॉक संगीताच्या मंडळ्या आपल्या दौऱ्यांत आपल्याच नावाचे टी-शर्ट विकू लागल्या. आता त्यांचे संग्राहक निर्माण झाले आहेत. टपाल तिकिटांचा संग्राहक जसा तिकिटाच्या कडेचे दाते मोजतो, तसे हे लोक बाहीच्या काठाची शिवण तपासतात, मानेमागची चिठ्ठी वाचतात, शाईला गेलेले तडे पाहतात. जुना टी-शर्ट मिळत नसेल तर नवा टी-शर्ट जुना करून मिळतो. कारखान्यातच तो धुऊन, घासून, विटवून काढतात आणि त्यावरचे चित्र मुद्दाम अर्धवट पुसतात. न घडलेल्या वापराच्या खुणा पैसे देऊन विकत घ्याव्यात ही गोष्ट मला मोठी चमत्कारिक वाटते, पण तो विषय वेगळा.

या संग्राह्य टी-शर्टांत एक वर्ग आहे तो जुन्या संगीतपटांचा, म्हणजे गायकांवरील गाजलेल्या माहितीपटांचा. त्यांतील एक माहितीपट १९७० सालचा आहे, ‘गिमी शेल्टर’ नावाचा. नावाचा अर्थ ‘मला आसरा द्या’ असा होतो. अल्बर्ट आणि डेव्हिड हे मेसल्स बंधू व शार्लट झ्वेरिन यांनी तो निर्माण केला. विषय आहे रोलिंग स्टोन्स या इंग्रज गायकमंडळाचा १९६९ सालचा अमेरिकेचा दौरा. या चित्रपटाचे टी-शर्ट निरनिराळ्या तऱ्हांचे मिळतात. कुठे चित्रपटाचे नाव ठळक अक्षरांत असते, कुठे मुख्य गायक मिक जॅगर याची आकृती. अंगावर ते शोभून दिसतात हे नाकारण्यात अर्थ नाही. रोलिंग स्टोन्सना चित्रांची जाण पहिल्यापासूनच होती. ओठांतून बाहेर आलेली तांबडीलाल जीभ ही त्यांची जगप्रसिद्ध खूण १९७० साली जॉन पॅश या लंडनच्या कलाविद्यार्थ्याने काढली. जॅगरने त्याला आपल्याकडच्या कालीमातेचे चित्र दाखविले होते, त्यावरून त्याला ती सुचली. त्या कामाचे त्याला तेव्हा ५० पौंड मिळाले. २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाने ते मूळ चित्र विकत घेतले. बंगालच्या देवघरातील जीभ कुठून कुठे जाऊन पोहोचली पाहा.

परंतु ‘गिमी शेल्टर’ हा केवळ गाण्यांचा चित्रपट नाही. त्यात एका तरुणाचा खून आहे. नटाने वठविलेला नव्हे, खराखुरा.

त्या दौऱ्यात तिकिटांचे दर फार आहेत अशी ओरड झाली होती. तेव्हा दौऱ्याच्या अखेरीस एक विनामूल्य कार्यक्रम करावा असे ठरले. वुडस्टॉकचा प्रचंड संगीतमेळा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शांततेने पार पडला होता, आणि तरुणांच्या जगात आता प्रेमाचे राज्य आले अशी भाबडी समजूत पसरली होती. कॅलिफोर्नियातील जागा ऐनवेळी बदलली. शेवटी आल्टमाँट येथील मोटारशर्यतीचे उघडेबोडके मैदान मिळाले. ६ डिसेंबर १९६९ रोजी तेथे सुमारे तीन लाख माणसे लोटली. रंगमंच दुसऱ्या जागेसाठी म्हणून बांधावयाचा होता, तो येथे सखल भागात उभा राहिला, आणि माणसाच्या कमरेपेक्षा तो फारसा उंच नव्हता. मंचाभोवती राहण्याचे काम हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे गेले. मोबदला म्हणून ५०० डॉलरची बिअर ठरली होती असे सांगतात. नेमके काय ठरले होते याविषयी पुढे ज्याने त्याने आपापले सांगितले. दिवसभर मारामाऱ्या चालल्या होत्या. जेफर्सन एअरप्लेन या मंडळाचा गायक मार्टी बॅलिन मध्ये पडला, तर त्यालाच मंचावर ठोसा मारून बेशुद्ध पाडण्यात आले. ग्रेटफुल डेड या मंडळाने तो सारा रंग पाहून न गाताच परत जाणे पसंत केले.

अंधार पडल्यावर रोलिंग स्टोन्स मंचावर आले. समोरच्या गर्दीत मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता, बर्कलीचा राहणारा. अंगात फिकट हिरवा सूट होता, बरोबर त्याची मैत्रीण होती. मंचाजवळ एंजल्सशी त्याची झटापट झाली, त्याला मागे ढकलण्यात आले, मारण्यात आले. थोड्या वेळाने त्याने पिस्तूल बाहेर काढले. त्याच क्षणी ॲलन पासारो या एंजलने त्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला सुऱ्याने भोसकले, आणि तो खाली पडल्यावरही त्याला लाथा बसल्या. तो तेथेच मेला. त्या दिवशी त्या मैदानात आणखी तीन माणसे दगावली: दोघे अंगावर मोटार गेल्याने आणि एक कालव्यात बुडून. गाणे थांबले, पुन्हा सुरू झाले, कार्यक्रम पूर्ण झाला आणि गायक हेलिकॉप्टरमधून निघून गेले. थांबलो असतो तर दंगल उसळली असती, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते खरेही असेल.

हा प्रसंग चित्रीकरण करणाऱ्यांपैकी एकाच्या कॅमेऱ्यात आला. १९७१ च्या जानेवारीत पासारोवरील खटल्याचा निकाल लागला, त्यात तीच फीत पुरावा म्हणून दाखविण्यात आली. मैत्रिणीच्या फिकट रंगाच्या पोशाखावर पिस्तुलाची काळी आकृती स्पष्ट दिसत होती. ज्यूरीने स्वसंरक्षण मानून पासारोला निर्दोष सोडले. चित्रपट मात्र त्याआधीच, घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ६ डिसेंबर १९७० रोजी प्रकाशित झाला होता.

चित्रपटावर तेव्हाच कठोर टीका झाली. पॉलीन केल या नामांकित समीक्षिकेने ‘न्यू यॉर्कर’मध्ये असा आक्षेप घेतला की ज्या घटनेची नोंद केल्याचा हे लोक आव आणतात, ती घडण्यात चित्रीकरणाचाही वाटा होता. निर्मात्यांनी हा आरोप फेटाळला. त्यांची बाजू समजून घ्यावयाची तर चित्रपटाची रचना पाहावी लागते. झ्वेरिनबाईंच्या कल्पनेप्रमाणे जॅगरला संकलनाच्या मेजापुढे बसवून ती फीत दाखविण्यात आली आणि तो ती पाहत असतानाचे चित्रीकरण चित्रपटात घालण्यात आले. सुरा वर जातो तो क्षण मागे घेऊन, संथ करून पुन्हा दाखविला जातो. जॅगर पाहतो. मग तो उठून निघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर चित्र क्षणभर गोठून राहते. त्या चेहऱ्यावर काय आहे हे मला आजही ठरविता आलेले नाही. अपराधीपणा आहे, थकवा आहे, की नुसतेच काही नाही? पण एवढे निश्चित की चित्रपट प्रेक्षकाला सुटू देत नाही. झाकलेला मृतदेह आणि त्याच्याजवळ आक्रोश करणारी मुलगी तो दाखवितो. गाणे ऐकावयास आलास ना, मग हेही पाहा, असे जणू तो बजावतो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आपला मित्र अलिपिउस याची जी हकीकत सांगितली आहे, तिची येथे आठवण होते. अलिपिउस रोममध्ये कायद्याचा विद्यार्थी होता. मल्लांची प्राणघातक झुंज पाहणे त्याला आवडत नसे. मित्रांनी त्याला ओढून नेले, तेव्हा तो म्हणाला की माझे शरीर न्याल, मन नेता येणार नाही. आणि डोळे मिटून बसला. कान मात्र त्याला मिटता आले नाहीत. कुणी तरी पडले, गर्दीने आरोळी ठोकली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि पडलेल्या मल्लापेक्षा त्याचाच घात अधिक मोठा झाला. पुढे तो स्वतः इतरांना घेऊन जाऊ लागला. पाहणे हे कधीच निरपराध नसते, असे ऑगस्टीन यांना सुचवावयाचे आहे. चित्रपटावर आक्षेप घेणारे नेमके हेच म्हणतात.

पण टी-शर्ट घालणाऱ्याला हा आक्षेप लागू होत नाही, आणि माझ्या विवेचनाचा खरा गाभा येथेच आहे. अलिपिउसने डोळे उघडले, म्हणून तो पडला. टी-शर्टवर उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखे काही नाहीच. तेथे सुरा नाही, हिरवा सूट नाही, रडणारी मुलगी नाही. चित्रपटाने जे पाहावयास भाग पाडले, ते टी-शर्टने नेमके वगळले आहे. गायक राहिला, चित्रपटाचे नाव राहिले. ज्याच्या मरणामुळे तो चित्रपट इतर शेकडो संगीतपटांहून वेगळा झाला आणि लक्षात राहिला, तो मात्र गेला. म्हणून मला चित्रपट टी-शर्टपेक्षा अधिक नीतिमान वाटतो. हे वाक्य काही वाचकांना रुचणार नाही.

आमच्या धर्मग्रामात एक तरुण आहे, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा, रविवारच्या मिस्साला न चुकता येणारा. त्याच्यापाशी असे अकरा टी-शर्ट आहेत, आणि त्यांपैकी एक या चित्रपटाचा. तो एकदा अंगात घालून आला तेव्हा मी सहज विचारले. टी-शर्टविषयी त्याने मला पुष्कळ सांगितले. बाहीच्या काठाला एकच शिवण असेल तर तो साधारणपणे नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा, दोन असतील तर नंतरचा. चिठ्ठीवरून कापड कुठले ते कळते. शाई जाड बसली असेल तर छपाई अमुक प्रकारची. मी म्हणालो, “अरे, आणि त्या मैदानात मेलेल्या मुलाचे नाव काय?” तो थांबला. “कुणीतरी मेला होता, ते ठाऊक आहे, फादर. नाव नाही ठाऊक.” मग जरा वेळाने, उद्धटपणाने नव्हे पण हटकून, त्याने मला विचारले, “पण फादर, तुमच्या गळ्यात क्रूस आहे. तोही एका माणसाला मारण्यासाठीच वापरला होता ना?”

प्रश्न चांगला होता. तो टाळणे योग्य नव्हे. दुसऱ्याचे मरण अंगावर वागविणे हे जर अनुचित असेल, तर पहिला दोष आम्हां ख्रिस्ती लोकांकडेच येतो. गेली कित्येक शतके आम्ही देहदंडाचे साधन सोन्यात, चांदीत, हस्तिदंतात घडवून गळ्यात घालीत आलो आहोत. नववधूच्या गळ्यात ते असते, तान्ह्या बाळाच्या गळ्यात असते. शिवाय क्रुसाखाली शिपायांनी येशूची वस्त्रे वाटून घेतली, आणि अंगरख्याला शिवण नव्हती म्हणून तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शिवण तपासून मोल ठरविणारे लोक तेव्हाही होते.

इतिहास पाहिला तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी मासा काढला, नांगर काढला, मेंढपाळ काढला. क्रुसावर खिळलेला येशू त्यांनी जवळजवळ काढलाच नाही. रोममधील सांता साबिना मंदिराच्या लाकडी दारावर क्रुसारोहणाचे जे कोरीव चित्र आहे, ते अशा आद्य चित्रांपैकी एक, आणि ते पाचव्या शतकातले आहे. तोवर क्रुसाची शिक्षा बंद पडून पिढ्या उलटल्या होत्या. ज्यांनी रस्त्याच्या कडेला क्रुसावर माणसे तडफडताना पाहिली होती, त्यांना ते चित्र घरात लावणे शक्य नव्हते. मरण अंगावर घालण्याजोगे होण्यासाठी मधे काळ जावा लागतो. आपल्या पूर्वजांना त्यासाठी चारशे वर्षे लागली. आल्टमाँटच्या मरणाला ती सवड मिळाली नाही. त्या दिवशी मैदानात असलेली माणसे आजही जिवंत आहेत.

परंतु केवळ काळाचा हिशेब करून या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. क्रुसाच्या माथ्यावर एक पाटी असते. आपण तिची चार अक्षरे पाहतो आणि पुढे जातो, पण ती पाटी काय सांगते? मृताचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्यावर ठेवलेला आरोप. पिलाताने ती तीन भाषांत लिहविली होती. तो खटल्याचा कागदच होता म्हणा ना. क्रूस गळ्यात घालणारा ज्याचे मरण वागवितो, त्याचे नावही वागवितो. खिळे ठोकणाऱ्या शिपायांची नावे तेथे नाहीत, आणि पिलाताचे नाव श्रद्धाप्रकटीकरणात येते ते फक्त साक्षीसाठी. ‘गिमी शेल्टर’च्या टी-शर्टवर हे अगदी उलटे झाले आहे. जो मेला त्याचे नाव नाही. जो गात होता त्याचे आहे.

पवित्र अवशेषांच्या बाबतीत ख्रिस्तसभेने हीच अडचण अनुभवली आहे. मध्ययुगात हुतात्म्यांच्या अस्थींचा व्यापार इतका माजला की १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेला अवशेषांची विक्री मना करावी लागली, आणि आजच्या धर्मविधीच्या संहितेतही तो निर्बंध कायम आहे. वस्तूला किंमत चिकटली की लोक वस्तूच्या खरेपणाची चौकशी करतात, आणि ती ज्याची आहे त्याचा त्यांना विसर पडतो. हाड खरे आहे ना? मग झाले. संग्राहकांच्या जगातही ‘खरा’ या शब्दाला तेवढाच अर्थ उरला आहे.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना अज्ञानाचे दोन प्रकार सांगत. एक, जे माणसाला दूर करणे शक्य नव्हते असे अज्ञान. त्याचा दोष लागत नाही. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते असे. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनाप्रमाणे जे जाणणे माणसाचे कर्तव्य आहे आणि जे जाणणे त्याला शक्य आहे, ते न जाणणे हा दोष ठरू शकतो. रेल्वेच्या फलाटावर, पदपथावरच्या ढिगातून स्वस्तात मिळाला म्हणून असा टी-शर्ट उचलणाऱ्या मजुराला मी काही विचारणार नाही. त्याला अंग झाकावयाचे होते. मुंबईच्या पदपथांवर असे ढीग किती तरी असतात, आणि त्यांवरची इंग्रजी अक्षरे वाचता येणे ही काही कपडे घालण्याची अट नव्हे. पण जो बाहीची शिवण भिंगाखाली धरतो, चिठ्ठीवरून वर्ष ठरवितो, छपाईच्या पद्धती ओळखतो, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. जाणून घेण्याची शक्ती आणि चिकाटी त्याच्यापाशी आहे, हे त्यानेच सिद्ध केले आहे. तो अज्ञानी नाही. काय जाणावयाचे आणि काय नाही याची त्याने निवड केली आहे. आणि निवडीची जबाबदारी असते.

यावर कुणी म्हणेल की एका गंजीवर तुम्ही केवढे ओझे लादता. जगातल्या प्रत्येक सुखामागे कुणाचे तरी मरण शोधावयास निघालो तर माणसाला साखर खाता येणार नाही, रेल्वेत बसता येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. शिवाय टी-शर्ट काढून ठेवल्याने हंटरचे काही भले होत नाही. तो तरुण तो टी-शर्ट घालून मिस्साला आला म्हणून मी त्याला मना केलेले नाही, करणारही नाही. पण साखरेची गोष्ट निराळी. साखर आपण तिच्या इतिहासासाठी खात नाही. संग्राह्य टी-शर्ट मात्र इतिहासासाठीच घेतला जातो. त्या काळाचा, त्या रात्रीचा काही अंश आपल्यापाशी असावा, हीच त्यामागची ओढ असते. तशी ओढ असेल तर त्या रात्रीतला सोयीचा भाग ठेवून उरलेला सोडणे हा अप्रामाणिकपणा आहे. मोठे पाप नव्हे, अप्रामाणिकपणाच. हंटर हा काही निष्पाप कोकरू होता असेही मी म्हणत नाही. त्याच्या हाती पिस्तूल होते, शवचिकित्सेत उत्तेजक द्रव्य सापडले होते. पण नावाने ओळखले जाण्यासाठी माणसाला निर्दोष असावे लागत नाही.

आणि टी-शर्ट हे वस्त्रच मुळात उथळ आहे असेही मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, एक रीत पडली आहे. घरातला तरुण मारला गेला की आप्तेष्ट त्याचे छायाचित्र, नाव, जन्माची आणि मृत्यूची तारीख टी-शर्टवर छापून घेतात आणि अंत्यविधीला तेच घालून येतात. आई, भाऊ, आते-मामे भावंडे, शेजारची मुले, सगळ्यांच्या छातीवर तोच एक चेहरा. जाळी तीच, शाई तीच, कापडही तेच. आपल्याकडे वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची चौकट छापतात, त्यासारखेच हे. फरक इतकाच की ही चौकट रस्त्याने चालते. पुढे कित्येक महिने ती माणसे ते टी-शर्ट घालतात, चित्र विटते, शाईला तडे जातात. ते तडे कारखान्यात पाडलेले नसतात.

हंटरच्या कुटुंबीयांनी रोलिंग स्टोन्सवर दावा लावला होता, तो १०,००० डॉलरवर मिटला. कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो येथील दफनभूमीत त्याला पुरले, पण कबरीवर दगड नव्हता. चित्रपट जगभर दाखविला गेला, २००० साली त्याची जुनी प्रत दुरुस्त करून पुन्हा प्रकाशित झाली, त्यावर लेख लिहिले गेले, आणि कबर तशीच होती. २००६ साली सॅम ग्रीन यांनी तिच्यावर एक लघुपट केला. दफनभूमीतील त्या जागेचा क्रमांक हेच त्या लघुपटाचे नाव: ‘लॉट ६३, ग्रेव्ह सी’. तो पाहून काही अनोळखी लोकांनी देणग्या दिल्या आणि २००८ साली कबरीवर दगड बसविण्यात आला. मरणानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

हंटरच्या आईने काय मागितले होते, हे फारसे कुणी सांगत नाही. १९७० च्या मार्चमध्ये तिने आल्टमाँट ज्या अलामीडा जिल्ह्यात येते, तेथील अधिकाऱ्यांकडे विनंती केली होती. आपल्या मुलाचे रक्त ज्या जमिनीवर सांडले तेथे पुन्हा शर्यती होऊ नयेत, परिसरातल्या तरुण मुलांसाठी तेथे सार्वजनिक उद्यान करावे, एवढेच तिचे म्हणणे होते. उद्यान झाले नाही. मधूनमधून बंद पडत, मालक बदलत त्या मैदानावर मोटारींच्या शर्यती चालूच राहिल्या. त्या थांबल्या २००८ साली, कबरीवर दगड बसला त्याच वर्षी.